३८४ किलोमीटरला किती वेळ लागतो?

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाकडच्या दोन विमानतळांची नावं आली होती, रेझोल्यूट बे आणि ग्रीस फियॉर्ड. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर सगळं त्यांनाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचं पत्र सुटलं असेल तर राग मानू नका.

प्रश्न : भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मी पट्टी लावून या दोन गावांतलं अंतर मोजलं, खाली दिलेल्या स्केलनं दीड हजार किलोमीटरच्या जरा वरच आलं. नेटवर अंतर काढायच्या साइटवर टाकलं तर ३८४ किलोमीटर आणि फ्लाइट टाइम २९ मिनिटं. आणि तिकडे जाऊन आलेले एक ओळखीचे गृहस्थ सांगतात की दीड तास लागतो, आणि त्या दीड तासासाठी ते तीन दिवस अडकून पडले होते. यातलं खरं कुठलं धरायचं?

उत्तर : अंतर साइटचं खरं आणि वेळ गृहस्थांची खरी. पण का ते नीट बघू, कारण खरी गंमत तिथेच आहे.

आधी तुमची पट्टी. भिंतीवरचा नकाशा बहुतेक मर्केटर पद्धतीचा असणार. या नकाशात सगळी रेखांशं वरपासून खालपर्यंत समांतर काढलेली असतात, पण प्रत्यक्षात ती ध्रुवाकडे जाताना एकमेकांच्या जवळ येत जातात आणि ध्रुवावर एका बिंदूत मिळतात. विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे १११ किलोमीटर, आणि साडेपंच्याहत्तर अक्षांशावर, म्हणजे ही दोन गावं आहेत त्या पट्ट्यात, तोच एक अंश जेमतेम २८ किलोमीटर उरतो. नकाशा मात्र त्याला तेवढाच रुंद दाखवतो आणि आकार बिघडू नये म्हणून उभ्या दिशेनंही तितकंच ताणतो, त्यामुळे तिथे सगळंच जवळपास चौपट मोठं दिसतं. नकाशाखाली छापलेलं स्केल विषुववृत्तापुरतंच खरं असतं. तुमच्या दीड हजाराला चारनं भागून बघा, साइटचा आकडा आला की नाही? म्हणजे तुमची मोजणी चोख होती, स्केल तिथलं नव्हतं एवढंच.

घरात पृथ्वीगोल असेल तर एक शिवणाचा दोरा घ्या, दोन्ही जागांवर बोटानं दाबून ताठ ओढा आणि तोच दोरा मग गोलावरच विषुववृत्तावर धरून किती अंश भरतात ते मोजा. साडेतीन अंशाच्या आसपास येतील, त्याला १११ नं गुणा. मुलांना शेजारी बसवून करा हे, एकदा हातानं केलं की ते डोक्यातून जात नाही.

आता वेळ. ३८४ किलोमीटरला २९ मिनिटं म्हणजे ताशी जवळपास ८०० किलोमीटर. हा जेट विमानाचा वेग झाला. बऱ्याच साइट्स हेच करतात, अंतर काढतात आणि एका ठरावीक जेट वेगानं भागून मोकळ्या होतात, काही वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास धरतात काही तोही धरत नाहीत, आणि दोन्ही टोकांना जेट उतरू शकतं का हे कुणी विचारतच नाही.

ग्रीस फियॉर्डची धावपट्टी जवळपास ५०० मीटर लांब आहे, आणि ती डांबरी नाही, खडीची आहे. एका बाजूला समुद्र, बाकी तिन्ही बाजूंना डोंगर. मोठं प्रवासी जेट उतरायला दीड-दोन हजार मीटर सहज मागतं. तेव्हा इथे येतं ते ट्विन ऑटर. कॅनडातच बनलेलं, १९६५ साली पहिल्यांदा उडालेलं, दोन पंख्यांचं, पंख वर आणि चाकं खाली कायमची बाहेर असलेलं विमान. हिवाळ्यात त्याच्या चाकांच्या जागी स्की बसवता येतात, उबदार महिन्यांत दगडधोंड्यांवर चालतील असे फुगीर मोठे टायर बसतात. कमी जागेत उतरायचं आणि कमी जागेतून उठायचं यासाठीच ते जन्माला घातलंय, आणि त्याची किंमत ते वेगात मोजतं. प्रवासात ताशी २७०-२८० किलोमीटर, साधारण दीडशे नॉट. ३८४ भागिले २७८ करा, एक तास तेवीस मिनिटं येतात. त्यात वळसे आणि उतरताना डोंगरांच्या कडेनं घ्यावं लागणारं वळण धरा, झाले दीड तासाच्या जवळपास. तुमच्या गृहस्थांनी बरोबर सांगितलं.

अजून एक गोष्ट, या विमानाची केबिन प्रेशराइज्ड नसते, म्हणजे आत हवेचा दाब जमिनीसारखा राखायची सोय नसते. जेट तीस-पस्तीस हजार फुटांवर जाऊन ढगांच्या डोक्यावरून उडतं, तिथे हवा विरळ असते म्हणून वेगही मिळतो. ट्विन ऑटरला सहसा दहा हजार फुटांच्या खालीच राहावं लागतं म्हणजे जे काही हवामान आहे ते सगळं खिडकीला घासत जाणार.

वारा घ्या. समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या हिशोबानं वेग उरला २३८, वेळ ९७ मिनिटं. तोच वारा पाठीवर घेऊन परत आलात तर ७२ मिनिटं. जाता-येताची बेरीज १६९, आणि वारा नसता तर १६६. खूप जणांना वाटतं की जाताना गेलं ते येताना परत मिळतं आणि हिशोब बरोबर होतो, तसं होत नाही, कारण विरोधातल्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ घालवता आणि पाठच्या वाऱ्यात कमी. वारा ८० चा झाला तर हीच बेरीज १८१ वर जाते, पूर्ण पंधरा मिनिटांचा फटका. जेटला एवढा वारा जाणवत नाही, त्याच्या आठशेत ८० म्हणजे दहावा भाग, ट्विन ऑटरच्या २७८ त मात्र ८० म्हणजे चौथ्या भागापेक्षा जास्त.

आणि ते तीन दिवस. ते मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात, कारण पाचशे मीटरच्या पट्टीवर डोंगरांमध्ये उतरायचं तर पायलटला पट्टी डोळ्यांनी दिसली पाहिजे आणि आडवा वारा मर्यादेत पाहिजे. हिवाळ्यात हिमवादळं. उन्हाळ्यात समुद्रावरचा बर्फ फुटला की उघड्या थंड पाण्यावर धुकं साचतं आणि ते सरळ पट्टीवर येऊन बसतं. तिथे पोचल्यावर पट्टी दिसली नाही तर शेजारी दुसरा विमानतळ नाही. परत फिरायचं, रेझोल्यूटलाच.

हे परत फिरणं निघतानाच टाकीत भरून घ्यावं लागतं. जायचा एक तास तेवीस मिनिटं, यायचा तेवढाच, आणि वर पाऊण तासाचं राखीव. साडेतीन तासांचं इंधन झालं. ट्विन ऑटर तासाला अडीचशे-पावणेतीनशे किलो इंधन पितं, म्हणजे टनभर इंधन. विमानाचं जास्तीत जास्त वजन ५,६७० किलो चालतं, रिकामं विमानच साडेतीन टनांच्या आसपास, दोन पायलट धरा, बाकी उरला एक टन. त्या एका टनात माणसं, त्यांचे जाड कोट आणि बूट, सामान, गावाचं टपाल, औषधं, दूध आणि भाजी. कागदावर हे विमान १९ प्रवाशांचं आहे पण या मार्गावर आत गेलात तर निम्म्या जागेत सीट आणि निम्म्या जागेत जाळीखाली बांधलेली खोकी असं दृश्य असतं. म्हणून हवामान दोन दिवस बंद राहिलं की तिसऱ्या दिवशी सगळेच जाऊ शकतील असं नसतं, आधीच्यांचा बॅकलॉग असतो आणि त्यात आजारी माणसाला पहिली जागा. तुमच्या गृहस्थांचे तीन दिवस असे जातात.

प्रश्न : मी वेळापत्रक बघितलं. जाताना निघायची वेळ सकाळी १० आणि पोचायची १२.२५, येताना निघायची दीडची आणि पोचायची १.५५. जायला अडीच तास आणि यायला पंचवीस मिनिटं? छपाईची चूक का?

उत्तर : चूक नाही. दोन्ही बाजूंचं उड्डाण एक तास पंचवीस मिनिटांचंच आहे. रेझोल्यूटची घड्याळं सेंट्रल टाइमवर चालतात आणि ग्रीस फियॉर्डची ईस्टर्न टाइमवर, मधे एक तास. वेळापत्रकात प्रत्येक वेळ त्या त्या गावाची छापतात, त्यामुळे जाताना एक तास वाढल्यासारखा दिसतो आणि येताना गायब झाल्यासारखा. उड्डाणाचा खरा वेळ काढायचा तर दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे सगळ्या जगाच्या सामाईक प्रमाणवेळेत आणा आणि मग वजाबाकी करा, या एका सवयीनं निम्मे गोंधळ जातात.

इथे एक सुंदर गोष्ट लपलीय. दोन गावांत १२ अंश रेखांशाचा फरक आहे, आणि सूर्य एका अंशाला चार मिनिटं घेतो, म्हणजे सूर्याच्या हिशोबानं ४८ मिनिटं. विषुववृत्तावर एवढा फरक पडायला १,३४० किलोमीटर पूर्वेला जावं लागतं, इथे ३३६ किलोमीटर पुरतात. अजून उत्तरेला गेलात तर चालत चालत टाइम झोन ओलांडाल. अर्थात नोव्हेंबरच्या सुरवातीपासून फेब्रुवारीपर्यंत इथे सूर्य उगवतच नाही आणि एप्रिलच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत मावळत नाही, तेव्हा दुपारचे बारा हे घड्याळच सांगतं, आकाश नाही. रेझोल्यूटचं इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या भाषेतलं नाव कौसुइत्तुक, म्हणजे जिथे पहाट होत नाही ती जागा. ग्रीस फियॉर्डचं औयुइत्तुक, जिथलं बर्फ कधी वितळत नाही. नावांतच सगळं आलं.

प्रश्न : धावपट्टीच्या आकड्यापुढे तिथे ‘टी’ हे अक्षर लावतात असं वाचलं. ते कशासाठी? आणि होकायंत्र तिथे चालत नाही हे खरं का?

उत्तर : धावपट्टीचा नंबर म्हणजे तिची दिशा, शेवटचं शून्य काढून. जगात जवळजवळ सगळीकडे ही दिशा होकायंत्राच्या उत्तरेपासून मोजतात. कॅनडाच्या उत्तरेकडच्या हवाई क्षेत्रात मात्र ती खऱ्या भौगोलिक उत्तरेपासून मोजतात, आणि ‘ट्रू’ म्हणजे खरी, त्याचा तो ‘टी’. रेझोल्यूटला १७टी आणि ३५टी, ग्रीस फियॉर्डला १३टी आणि ३१टी.

कारण चुंबकीय ध्रुव. १८३१ मध्ये जेम्स क्लार्क रॉसनं तो बूथिया द्वीपकल्पावर शोधला, रेझोल्यूटच्या दक्षिणेला. मग तो हळूहळू उत्तरेला सरकत गेला, विसाव्या शतकात या बेटांमधूनच गेला, आणि मग सायबेरियाच्या दिशेनं निघालाय, एकविसाव्या शतकाच्या सुरवातीला तर तो वर्षाला ५० किलोमीटरच्या आसपास धावत होता. ध्रुवाजवळ चुंबकीय बल जवळपास उभं, जमिनीत घुसणारं असतं, आडवं जे सुईला फिरवतं ते फार कमी उरतं, म्हणून सुई सुस्त होते, डुलते, भलतीकडे दाखवते. त्यामुळे चालतच नाही असं म्हणण्यापेक्षा विश्वास ठेवण्यासारखं चालत नाही असं म्हणा.

तिथले पायलट दिशा जायरोवर, म्हणजे फिरत्या चाकाच्या आधारानं दिशा धरून ठेवणाऱ्या यंत्रावर ठेवतात, तो मधूनमधून सूर्यावरून किंवा जीपीएसवरून जुळवून घेतात. आणि इथे अजून एक बारकावा, रेझोल्यूटहून ग्रीस फियॉर्डला सगळ्यात जवळच्या वाटेनं निघालात तर सुरवातीला खऱ्या उत्तरेपासून ५५ अंशांवर नाक धरावं लागतं, म्हणजे ईशान्येला, आणि पोचेपर्यंत तीच सरळ वाट ६६ अंशांवर गेलेली असते. विमान वळलेलं नाही, उत्तरच वळलीय, म्हणजे पायाखालची रेखांशं तिरकी होत गेलीत. दीड तासात ११-१२ अंश. बऱ्याच वाचकांनी ग्रेट सर्कल (गोलावरची सगळ्यात जवळची वाट) आणि सरळ कंपास-वाट (सतत एकाच दिशेला नाक धरून जायची) यांच्या अंतरात किती फरक पडतो असं विचारलंय, तर या जोडीसाठी तो एक किलोमीटरही नाही. महासागर ओलांडताना तो शेकड्यात जातो, इथे फरक अंतरात नाही, दिशेत आहे.

दिशेची चूक किती महागात पडते याचं उदाहरण रेझोल्यूटनंच बघितलंय. २० ऑगस्ट २०११ ला दक्षिणेकडून आलेलं एक बोइंग ७३७-२०० ढगाळ हवेत उतरताना पट्टीच्या पूर्वेकडच्या टेकडीवर आदळलं, १५ जणांपैकी १२ गेले. चौकशीत जी कारणं पुढे आली त्यात एक हेही होतं की उतरायला सुरवात करताना दिशादर्शक यंत्रणा नीट जुळलेली नव्हती आणि ती चूक वाढत वाढत १७ अंशांपर्यंत गेली होती. एकाच कारणानं अपघात होत नाही, ऑटोपायलटचा मोड बदलणं आणि दोघा पायलटांचं एकमेकांशी न जुळणं हेही त्यात होतं. पण तो आकडा लक्षात ठेवा, १७ अंश.

एका वाचकानं विचारलंय की रेझोल्यूटच्या खडीच्या पट्टीवर जेट कसं आलं. ७३७-२०० ला एक खास खडीचं किट बसायचं, पुढच्या चाकाला दगड अडवणारी पट्टी आणि इंजिनाच्या तोंडाखाली हवेचा झोत सोडणाऱ्या नळ्या म्हणजे खडी आत ओढली जाऊ नये. नंतरच्या ७३७ ची इंजिनं मोठी आणि जमिनीला आणखी जवळ, त्यांना ते किट नाही. म्हणून जुनी जेट निवृत्त होत गेली तसं खडीच्या पट्ट्यांवर पुन्हा पंख्यांच्या विमानांचं राज्य आलं, इकालुइट या तिथल्या राजधानीच्या गावाहून रेझोल्यूट हे १,५७५ किलोमीटरचं अंतर आता जेटला लागायचा त्याच्यापेक्षा बऱ्याच जास्त वेळात कापलं जातं. विमान नवीन आलं आणि प्रवास लांबला, असंही होतं.

थंडीचं पण सांगतो कारण कुणीतरी विचारलंच आहे. उंचीमापक यंत्र खरं तर हवेचा दाब मोजतं, आणि गार हवा आकसून दाट होते, त्यामुळे उणे ४० अंशांत यंत्र १,००० फूट दाखवत असेल तर विमान प्रत्यक्षात ८०० च्या आसपास असतं. डोंगरांच्या गावात हे दोनशे फूट फार मोठे. पायलट तक्ता बघून त्यात भर घालतात, पर्याय नाही. याच गार दाट हवेत इंजिन आणि पंख मात्र छान काम करतात, विमान कमी धावून उठतं, तेवढी एक थंडीची मेहेरबानी.

प्रश्न : नॉर्वेतलं ट्रॉम्सो ते स्वालबार्डचं लाँगइयरबीन हे यापेक्षाही उत्तरेचं आहे ना? तिथे किती वेळ लागतो?

उत्तर : हो, लाँगइयरबीन ७८ अंश १५ मिनिटं उत्तरेला आहे, नियमित प्रवासी विमानं जातात अशा विमानतळांत जगात सगळ्यात उत्तरेचं. (कॅनडाचं अलर्ट ८२ अंशाच्याही वर आहे पण ते सैनिकी ठाणं आहे, तिकीट काढून जाता येत नाही.) ट्रॉम्सोपासून अंतर ९५८ किलोमीटर, वेळ एक तास चाळीस मिनिटांच्या आसपास. आता हे वरच्या जोडीशेजारी ठेवून बघा. अडीचपट अंतर आणि वेळ जवळपास तेवढाच. लाँगइयरबीनला १९७५ मध्ये रीतसर विमानतळ झाला, अडीच किलोमीटरच्या जवळपास डांबरी पट्टी आहे, तिथे पूर्ण आकाराचं जेट उतरतं. ती पट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलीय आणि वरचा थर वितळला की खालीवर होते म्हणून सतत डागडुजी करावी लागते, पण आहे. म्हणून मला कुणी दोन उत्तरेकडच्या गावांतला फ्लाइट टाइम विचारला की मी आधी दोन्ही पट्ट्यांची लांबी बघतो आणि मग अंतर.

जाणार असाल तर पासपोर्ट बरोबर ठेवा. स्वालबार्ड नॉर्वेचंच असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटाच्या बाहेर आहे.

प्रश्न : दीडशे माणसांच्या गावाला विमानानं जायची वेळ यावी एवढ्या लांब लोक राहतात कशाला? रस्ता नाही का, बोट नाही का?

उत्तर : रस्ता नाही. नुनावुत हा कॅनडाचा प्रदेश १ एप्रिल १९९९ ला वेगळा झाला, त्यात २५ वस्त्या आहेत आणि त्यातली एकही दुसरीला रस्त्यानं जोडलेली नाही. त्यात ही दोन गावं तर वेगवेगळ्या बेटांवर, रेझोल्यूट कॉर्नवॉलिस बेटावर आणि ग्रीस फियॉर्ड एल्समीर बेटावर. बोट म्हणाल तर उन्हाळ्यात बर्फ मोकळं झालं की मालाचं जहाज येतं, वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी, त्यात वर्षभराचं डिझेल, बांधकामाचं सामान, गाड्या, टिकाऊ किराणा. बाकी सगळं त्या एक टनातून. बाईला दिवस गेले की प्रसूतीच्या कितीतरी आठवडे आधी गाव सोडून इकालुइटला किंवा त्याच्याही दक्षिणेला जाऊन राहावं लागतं, कारण ऐन वेळी पट्टी दिसेलच याची खात्री कोण देणार.

लोक राहतात कशाला, याचं उत्तर मी हलक्या हातानं देऊ शकत नाही. ग्रीस फियॉर्डची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत १४४ होती आणि रेझोल्यूटची १८३. या दोन्ही वस्त्या इनुइट लोकांनी आपणहून निवडलेल्या नाहीत. १९५३ मध्ये कॅनडाच्या सरकारनं क्वेबेकच्या उत्तरेकडच्या इनुकजुआकमधल्या काही कुटुंबांना जहाजावर घातलं आणि साधारण २,००० किलोमीटर उत्तरेला आणून सोडलं, मदतीला म्हणून उत्तरेकडच्याच पाँड इनलेट या वस्तीची काही कुटुंबं बरोबर घेतली. सांगितलं होतं की तिकडे शिकार भरपूर आहे आणि नाही आवडलं तर दोन वर्षांनी परत आणू. इनुकजुआकच्या माणसांनी कधी महिनोन्‌महिन्यांची रात्र बघितली नव्हती, तिथली शिकार वेगळी, बर्फ वेगळं, पहिला हिवाळा त्यांनी तंबूत काढला. परत आणायचं वचन कितीतरी दशकं पाळलं गेलं नाही. निर्मनुष्य बेटांवर कॅनडाची माणसं दिसावीत म्हणजे हक्क पक्का होतो, हा हेतू त्यामागे होता असं तिथले लोक सांगत आले. सरकारनं १९९६ मध्ये १ कोटी डॉलरचा निधी दिला, पण माफी मागायला १८ ऑगस्ट २०१० उजाडलं.

आणि आता परत तुमच्या ३८४ किलोमीटरकडे येतो. जहाजावर चढताना लोकांना वाटलं होतं की सगळे एकाच ठिकाणी उतरणार. वाटेत जहाजावरच सांगण्यात आलं की काही कुटुंबं एल्समीरला उतरतील आणि काही कॉर्नवॉलिसला. नातलग नातलगांपासून तुटले. तेव्हा मधे विमान नव्हतं, कुत्र्यांच्या गाड्या होत्या आणि गोठलेला समुद्र. ट्विन ऑटरच्या दीड तासाबद्दल आपण इथे बसून हळू आहे म्हणतो, त्या माणसांना तो दीड तास मिळाला असता तर काय झालं असतं असा विचार मी हे सदर लिहिताना बऱ्याच वेळा केला.

२०१० मध्ये दोन्ही गावांत एकेक दगडी पुतळा बसवला. ग्रीस फियॉर्डचा लूटी पिजामिनी यांनी घडवलाय, एक बाई, तिच्याजवळ लहान मुलगा आणि कुत्रा, आणि ती बघतेय रेझोल्यूटच्या दिशेला. रेझोल्यूटचा सिमियोनी अमागोआलिक यांनी केलाय. एकटा पुरुष आहे, आणि तो बघतोय ग्रीस फियॉर्डकडे, म्हणजे ईशान्येला, ट्विन ऑटर पट्टी सोडून ज्या बाजूला जातं तिकडे.